मालक कोण हे नंतर; बुडालं तर भरणार कोण?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वकील नसलेल्या गुंतवणूकदारांच्या मालकीच्या लॉ फर्म, ऑनलाइन करारनामे आणि मृत्युपत्रं करून देणाऱ्या सेवा, 'जिंकलात तरच पैसे द्या' म्हणणाऱ्या दावा-कंपन्या आणि आता एआय. या सगळ्यांना नियमांनी आवळलं तर सामान्य ग्राहकाचं भलं होतं की नुकसान? आणि अशी सेवा घेताना ग्राहकाने काय पाहावं?

मी वकील आहे, पण बरीच वर्षं माझं मुख्य काम वकिलांविरुद्धच्या तक्रारींचं आहे. कधी तक्रारदाराची बाजू, कधी फर्मची. माझ्याकडे माणूस येतो तो सगळं बिघडल्यावरच, त्यामुळे माझी नजर थोडी काळवंडलेली असणार, हे आधीच सांगून टाकते.

माझं मत एका वाक्यात सांगायचं तर, मालक वकील आहे की बँकवाला, यावरून ग्राहकाच्या नशिबात फारसा फरक पडताना मी पाहिलेला नाही. पक्षकाराचा पैसा कोणाच्या खात्यात पडून असतो आणि चूक झाली तर ती कोणाच्या खिशातून भरून निघते, यावरून मात्र पडतो. नियमन या दोन प्रश्नांना हात घालत असेल तर ग्राहकाला उपयोग आहे. नसेल तर ते बरेचदा धंद्याच्या वेशीवरचं कुंपण असतं.

आधी बाहेरच्या मालकीवर बंदी हवी म्हणणाऱ्यांची बाजू, कारण ती पोकळ नाही. वकिलाचं इमान एकाच वेळी न्यायालयाशी आणि पक्षकाराशी असतं. तिसरा माणूस नफ्यातला वाटा मागायला बसला की तडजोड कधी करायची, कुठला खटला सोडायचा, हे तो ठरवू लागेल अशी भीती असते. अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेच्या आदर्श नियमावलीतला नियम ५.४ यासाठीच आहे: बिगर-वकिलाबरोबर फी वाटून घ्यायची नाही आणि त्याला फर्मची मालकी द्यायची नाही. जर्मनीतही निव्वळ गुंतवणूकदाराला लॉ फर्ममध्ये हिस्सा घ्यायला मनाई आहे, आणि ही मनाई युरोपीय कायद्यात बसते असं युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ठरवलं.

पण बंदीचा हिशेब मांडताना एक रकाना नेहमी कोरा राहतो. मी ज्यांच्या तक्रारी पाहते, त्यांना निदान वकील मिळाला होता. ज्याला मिळालाच नाही, तो तक्रार कोणाविरुद्ध करणार? गरिबांच्या कायदेशीर मदतीला निधी देणाऱ्या अमेरिकेतल्या लीगल सर्व्हिसेस कॉर्पोरेशनच्या २०२२ च्या अहवालानुसार अल्प उत्पन्न गटातल्या लोकांना त्यांच्या ९२ टक्के दिवाणी अडचणींत एक तर काहीच कायदेशीर मदत मिळत नाही किंवा पुरेशी मिळत नाही. घरातून काढणं, कर्जवसुली, पोटगी असल्या या अडचणी. बंदीने या माणसाला वाईट वकिलापासून वाचवलं असं म्हणायचं तर म्हणा. त्याच्यापाशी चांगला किंवा वाईट असा पर्यायच नव्हता.

दरवाजा कडक ठेवून आतली व्यवस्था ढिली असली तर काय होतं, याचं उदाहरण भारतात सापडतं. वकिलाने बिगर-वकिलाशी भागीदारी करायची नाही, निकालावर फी ठरवायची नाही, जाहिरात करायची नाही, हे नियम तिथे जुने आहेत. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वकिलांच्या सेवा ऑनलाइन विकणाऱ्या पोर्टलांवर कारवाई करण्याचे निर्देशही दिले. त्याआधी दोन महिने, मे २०२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता की वकिलाच्या सेवेतल्या त्रुटीसाठी ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येणार नाही. उरतो तो दिवाणी दावा किंवा बार कौन्सिलकडे शिस्तभंगाची तक्रार. त्या निकालामागची कारणं मला समजतात आणि बरीचशी पटतातही. पण ग्राहकाच्या बाजूने पाहिलं तर आत कोण येणार यावर कडक पहारा, आणि आत नुकसान झालं तर लांबचा रस्ता.

आता मोकळीक दिलेल्या देशांकडे वळू. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साऊथ वेल्सने २००१ मध्ये लॉ फर्मना कंपनी म्हणून नोंदायला परवानगी दिली. मे २००७ मध्ये स्लेटर अँड गॉर्डन ही ऑस्ट्रेलियातलीच फर्म शेअर बाजारात उतरली. असं करणारी ती जगातली पहिली लॉ फर्म. तिने गुंतवणूकदारांना आधीच लेखी सांगितलं होतं की आमचं पहिलं कर्तव्य न्यायालयाशी, दुसरं पक्षकाराशी, भागधारक तिसऱ्या क्रमांकावर. २०१५ मध्ये त्या फर्मने इंग्लंडमधला एक मोठा दावा-व्यवसाय ६० कोटी पौंडांहून अधिक किमतीला विकत घेतला आणि तो व्यवहार तिच्या अंगाशी आला. शेअरची किंमत धुळीला मिळाली आणि फर्म अखेर कर्जदात्यांच्या हातात गेली. भागधारक पोळले, पण फर्म चालू राहिली आणि पक्षकारांची कामंही. बाहेरच्या मालकीविरुद्ध हे उदाहरण नेहमी पुढे केलं जातं. मला तर त्यातून उलटंच दिसतं: वाचवायची ती माणसं वाचली.

त्यासमोर इंग्लंडमधलं अॅक्सिअम इन्सचं प्रकरण ठेवा. या फर्मची मालकी वकिलाच्याच हातात होती, तीही नियमित परवाना असलेल्या सॉलिसिटरच्या. बंदीवाद्यांना हवी तशी. ऑक्टोबर २०२३ मध्ये नियामकाने ती बंद केली तेव्हा पक्षकारांच्या खात्यातले ६ कोटी पौंडांहून अधिक गायब होते. घर घेण्यासाठी ठेवलेला पैसा, वारसाहक्काचा पैसा. भरपाईसाठी तिथे वकिलांच्या वर्गणीतून चालणारा निधी आहे, म्हणून पुष्कळ लोक तरले. पण त्या निधीसाठी वर्गणी वाढवावी लागली, आणि ती वाढ कुठे जाते हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. पुढच्या पक्षकाराच्या बिलात जाते. २०२४ मध्ये आलेल्या स्वतंत्र चौकशी अहवालाने नियामकावरच ठपका ठेवला: धोक्याच्या खुणा दिसत असताना फर्म एकामागून एक फर्म गिळत गेली आणि पुरेशी विचारणा झाली नाही. ज्या खात्यातून पैसे गेले ते खातं कोण तपासत होतं, हा प्रश्न मालकाच्या सनदेपेक्षा मोठा होता.

तिसरं उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात गरीब आणि मध्यमवर्गीय घरमालक भरडले गेले आणि त्यात चोरी दाखवायला सोपी नाही. शेफील्डच्या एसएसबी या फर्मने भिंतींच्या पोकळीत भरलेल्या उष्णतारोधकामुळे घरं ओलसर झाली म्हणून शेकडो घरमालकांचे दावे घेतले. कराराची जाहिरात होती 'नो विन, नो फी'. खटले चालवायचा पैसा बाहेरच्या वित्तपुरवठादारांकडून उभा केलेला. ग्राहकाला वाटलं, आपला एक पैसाही लागत नाही.

इथे थांबून एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण हा गैरसमज मी आठवड्याला एकदा तरी दूर करते. 'जिंकलात तरच फी' म्हणजे तुमच्या वकिलाची फी नाही. समोरच्याच्या खर्चाचं काय, याबद्दल ते वाक्य काहीच सांगत नाही. इंग्लंडसारख्या ठिकाणी हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा ही रीत आहे. त्यासाठी खटल्याबरोबर एक विमा काढतात: हरलो तर समोरच्याचा खर्च विमा कंपनी देईल. एसएसबीच्या ग्राहकांना तो विमा आहे असं सांगितलं होतं. दावे कोसळले, जानेवारी २०२४ मध्ये फर्म कोसळली, विमा कंपन्यांनी अनेक प्रकरणांत हात वर केले आणि समोरच्या पक्षांच्या वकिलांची बिलं थेट घरमालकांच्या दारात आली. हजारो पौंडांची. काहींना तर आपल्या नावाने खटला चालू होता हेही नीट ठाऊक नव्हतं.

ही फर्मही नियमनाखाली होती, परवाना होता, तक्रारीही आधी गेल्या होत्या. म्हणजे नियम नव्हते असं नाही. नियम फर्मकडे पाहत होते, त्या धंद्याच्या रचनेकडे कोणी पाहत नव्हतं. घाऊक प्रमाणात, उसन्या पैशावर, विम्याच्या भरवशावर दावे घेणारी फर्म आणि दोन वकिलांची पिढीजात फर्म, दोघींना एकच फूटपट्टी. माझ्या मते नव्या व्यवसाय-पद्धतींच्या नियमनातली खरी चूक इथे आहे. पहिलीसाठी विचारायला हवं होतं: विमा कंपनीने कोणत्या अटींवर पॉलिसी दिली, एका वकिलाच्या टेबलावर किती फायली आहेत, वित्तपुरवठादाराने हात आखडला तर फायली कुठे जाणार? हे प्रश्न वकिली आचारसंहितेत नसतात. बँकेवर देखरेख करणाऱ्याला ते पाठ असतात.

बंदी घातली की धंदा थांबत नाही, तो आकार बदलतो, हेही सांगितलं पाहिजे. इंग्लंडमध्ये अपघाताचे दावे पाठवल्याबद्दल वकिलाकडून दलाली घेण्यावर एप्रिल २०१३ पासून बंदी आली. तोवर २००७ च्या कायद्याने बाहेरच्या मालकीचा मार्ग खुला केलेलाच होता. मग दलाली घेणारे म्हणाले, आम्हीच फर्म काढतो. दलालीलाच आता नफा म्हणू लागले, आणि ग्राहकाच्या बिलात एका ओळीचं नाव बदललं. याउलट, तिथल्याच कर्जविम्याच्या परताव्यांच्या दाव्यांत फीवर मर्यादा आली तेव्हा फरक लगेच दिसला. बँकांनी गळ्यात मारलेल्या विम्याचा परतावा ग्राहक स्वतः फुकट मागू शकत होता. दावा-कंपन्या फॉर्म भरून देण्यासाठी मोठा हिस्सा कापत होत्या. जुलै २०१८ पासून तो हिस्सा करवजा २० टक्क्यांवर बांधला गेला. मला फी-मर्यादा सहसा आवडत नाहीत, कारण अवघड खटले त्यामुळे अनाथ होतात. पण कामात जोखीम नाही आणि कौशल्यही नाही, तिथे मर्यादा घालावी. ती ग्राहकाच्या खिशात सरळ पडते.

जर्मनीतही असाच तिढा वेगळ्या वाटेने सुटला. तिथे भाडं कमी करून घेण्यासाठी एक ऑनलाइन सेवा भाडेकरूचा हक्क आपल्या नावावर घेऊन घरमालकाकडून वसुली करायची आणि यश मिळालं तर हिस्सा घ्यायची. तिच्याकडे परवाना होता तो वसुलीचा, वकिलीचा नव्हता. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने हे चालेल असं म्हटलं. मग वकील कुरकुरले, आणि त्यात तथ्य होतं: जे आम्हाला निषिद्ध ते यांना कसं मोकळं? ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या कायद्याने दोन्हीकडे थोडं थोडं दिलं. वकिलांना २,००० युरोपर्यंतच्या दाव्यांत यशावर आधारलेली फी घेता येऊ लागली, आणि वसुली-सेवांवर ग्राहकाला आधी स्पष्ट माहिती देण्याची सक्ती आली. छोट्या रकमेसाठी कोर्टाची पायरी न चढणारा भाडेकरू यात जिंकला, असं मला वाटतं.

माझा आवडता नियम मात्र अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाचा आहे, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. तिथल्या बारचं ऑनलाइन दस्तऐवज देणाऱ्या लीगलझूमशी वर्षानुवर्षं भांडण चाललं होतं: हे विनापरवाना वकिली करणं आहे की नाही? २०१५ मध्ये समेट झाला आणि २०१६ मध्ये कायदा आला. कायद्याने अशा सेवांना परवानगी दिली, पण अटींवर. नमुने त्या राज्यातल्या वकिलाने तपासलेले हवेत. विकत घेण्याआधी कोरा नमुना किंवा भरून तयार झालेला दस्तऐवज ग्राहकाला पाहता यायला हवा. हे वकिलाच्या सल्ल्याची जागा घेत नाही हे सांगायला हवं. आणि ज्यासाठी मी तो नियम लिहिणाऱ्याचे आभार मानते ती अट ही: सेवा देणाऱ्याने आपली जबाबदारी झटकायची नाही, आणि ग्राहकाचा भरपाईचा हक्क करारात कापायचा नाही.

ही अट का महत्त्वाची, ते माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणातून सांगते. एका बाईंच्या पतीने एका ऑनलाइन सेवेतून मृत्युपत्र केलं होतं. भाषा स्वच्छ, छपाई सुबक. ज्यांना वाटा मिळायचा त्यांतलाच एक जण साक्षीदार म्हणून सही करून गेला होता. पुष्कळ देशांच्या कायद्यात अशा साक्षीदाराला दिलेला वाटा रद्द होतो, आणि तसंच झालं. सेवेच्या पडद्यावर सूचना होती, सातव्या पानावर. कंपनी तोवर गुंडाळली गेली होती. विमा नव्हता. तक्रार निवारण करणारं कार्यालय म्हणालं, ही सेवा आमच्या अधिकारात येत नाही. हीच चूक एखाद्या झोपाळू वकिलाने केली असती तर त्याच्या विमा कंपनीने पैसे मोजले असते. वकिलाकडे हुशारी जास्त असते म्हणून नाही. त्याच्या चुकीमागे एक भरलेला खिसा असतो म्हणून.

ही फट अपघाताने पडलेली नाही. इंग्लंडमध्ये कायद्याने फक्त सहा प्रकारची कामं परवानाधारकांसाठी राखून ठेवली आहेत. न्यायालयात बाजू मांडणं, खटला चालवणं वगैरे. मृत्युपत्र लिहिणं त्यात नाही. ते नियमनात आणावं अशी शिफारस वकिलांच्या नियामकांवर देखरेख करणाऱ्या तिथल्या लीगल सर्व्हिसेस बोर्डाने २०१३ मध्ये केली आणि सरकारने ती त्याच वर्षी फेटाळली. त्यामुळे एकाच रस्त्यावरच्या दोन दुकानांत एकच कागद मिळतो, एकामागे विमा, ग्राहकांच्या तक्रारी सोडवणारा लोकपाल आणि भरपाई निधी, दुसऱ्यामागे काही नाही. ग्राहकाला हा फरक दिसत नाही. दोन्ही ठिकाणी तराजूचं चित्र असतं.

अमेरिकेत अॅरिझोनाने २०२१ पासून नियम ५.४ काढूनच टाकला आणि बाहेरच्या मालकीच्या फर्मना परवाने दिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये केपीएमजी या बड्या लेखापरीक्षण कंपनीलाही मिळाला. युटाने २०२० मध्ये प्रयोगशाळेसारखी व्यवस्था केली: या, सेवा द्या, पण तक्रारी आणि नुकसान यांची आकडेवारी आम्हाला देत राहा. मला युटाची कल्पना जास्त आवडते, कारण तिथे नियामक अंदाजावर भांडत नाही, मोजतो. अॅरिझोनात मात्र परवान्यांचा मोठा वाटा अपघात आणि सामूहिक नुकसानभरपाईच्या दाव्यांकडे गेला. यात आश्चर्य नाही. गुंतवणूकदार पैसा आहे तिथे जातो. पोटगीच्या खटल्यात पैसा नाही. मोकळीक दिली की गरिबाला वकील मिळेल, असं जे सांगितलं गेलं होतं, ते आपोआप घडत नाही.

एआयबद्दल थोडक्यात, कारण त्यावर गोंगाट जास्त आहे. स्वतःला जगातला पहिला 'रोबो वकील' म्हणवणाऱ्या डूनॉटपेवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सप्टेंबर २०२४ मध्ये कारवाई जाहीर केली. आरोप असा की वकिलाच्या तोडीचं काम करतो हा दावा कंपनीने कधी तपासूनच पाहिला नव्हता. १,९३,००० डॉलर भरून प्रकरण मिटलं. हे काम वकिलांच्या कुठल्या संघटनेने केलं नाही. खोट्या जाहिरातीविरुद्धचा साधा ग्राहक कायदा पुरला. दुसऱ्या बाजूला इंग्लंडच्या नियामकाने २०२५ मध्ये गारफिल्ड या एआयवर चालणाऱ्या फर्मला परवाना दिला. काम एवढंच: १०,००० पौंडांपर्यंतच्या थकबाकीची वसुली. ग्राहकाच्या मंजुरीशिवाय यंत्र पुढचं पाऊल टाकत नाही, जुने निकाल ते सुचवत नाही (तिथेच ही यंत्रं थापा मारतात), आणि जबाबदारी नाव-पत्ता असलेल्या सॉलिसिटरवर, विम्यासकट. काम लहान, कुंपण स्पष्ट, खिसा भरलेला.

या सगळ्याला किंमत आहे, हे विसरू नका. विमा सक्तीचा केला की हप्ता फीमध्ये चढतो. फॉर्म, तपासणी, वर्गणी वाढली की दोन माणसांची छोटी सेवा बंद पडते आणि मोठी कंपनी उरते. म्हणून मी सरसकट सक्तीच्या विरुद्ध आहे. भाडेकराराच्या नमुन्याला आणि मृत्युपत्राला एकच ओझं देऊ नये. नमुना चुकला तर दुरुस्त होतो, मृत्युपत्र चुकलं हे कळतं तेव्हा दुरुस्त करणारा माणूस नसतो.

आता ग्राहकाने काय पाहावं. फर्म वकिलाची आहे का, हे विचारण्यात वेळ घालवू नका. विचारा की तुमचा परवाना कोणाचा आणि त्याचा क्रमांक काय, मग तो क्रमांक नियामकाच्या यादीत स्वतः पाहा. चुकीसाठी विमा आहे का, कोणाचा, किती रकमेचा, हे ईमेलवर मागा. तोंडी उत्तर मोजू नका. माझा पैसा कोणत्या खात्यात राहील ते विचारा. निकालावर फी असेल तर एक वाक्य लेखी घ्या: हरलो तर समोरच्याचा खर्च कोण देणार, आणि विमा कंपनीने नकार दिला तर कोण? ऑनलाइन दस्तऐवज असेल तर अटींमध्ये 'जबाबदारी' हा शब्द शोधा. तिथे भरपाई तुम्ही भरलेल्या शुल्कापुरतीच असं लिहिलं असेल, तर तो कागद भाडेकरारासाठी घ्या हवा तर, घराच्या वाटणीसाठी नको. आणि तक्रार कोणत्या लोकपालाकडे करायची, हे पैसे देण्याआधी विचारा. उत्तर देताना समोरचा अडखळला, तर मला फोन करायची वेळ येण्याआधीच तिथून बाहेर पडा.